रात्री उघडं असलेलं एकच दार

रात्रीचे दोन. शेजारची मावशी डोकं फुटून आमच्या दारात उभी. नवरा पिऊन मारतो, हे वस्तीला नवं नाही. तिला घेऊन चौकीवर गेलो. साहेबानं आधी वस्ती विचारली, मग आडनाव. आडनाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, "घरचं भांडण हाय, घरात मिटवा." मावशी पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, आता जाऊ कुठं?"

मित्रांनो, हा प्रश्न मानगुटीवरून उतरत नाही. रात्री दवाखाना बंद, समाजमंदिराला कुलूप. सरकारचं एकच दार उघडं, चौकीचं. दारू, भूक, सोल्युशन हुंगणारं पोर, डोकं फिरलेला म्हातारा. सगळ्या दुखण्यांवर एकच औषध : काठी.

पुण्यात 2024 साली सात नवी पोलीस ठाणी झाली. आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. त्याला पैसा सापडला. आणि मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख वळवले. बहिणीशी आपलं भांडण नाही. माझ्या आईलाही ते दीड हजार लागतात. पण हात नेहमी आमच्याच ताटात का? गृहखात्याच्या ताटात का नाही?

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं खूळ. 2020 साली मिनिआपोलिसात पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडची मान गुडघ्याखाली दाबून त्याचा जीव घेतला, तेव्हा तिथले लोक म्हणाले, पोलिसांचा पैसा वस्तीला द्या. पण ही गोष्ट पुण्याला जुनीच आहे. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेनं अब्रूच्या भीतीनं तान्हं मूल मारलं. कोर्टानं काळं पाणी दिलं. सरकारचं काम संपलं. जोतिबा-सावित्रीचं तिथून सुरू झालं. 1863 साली त्यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल ठेवून जा. शिपाई नाही, दार!

1972 साली आपण ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. ते 1969 पासून वस्तीतल्या पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायचे. डरकाळी आपण घेतली, न्याहारी राहिली.

आता खरी अडचण. माझा धाकटा भाऊ पहाटे उठून सोळाशे मीटर पळतो. पोलीस भरती. त्याला हे वाचून दाखवलं. म्हणाला, "दादा, माझीच नोकरी खातूस व्हय?" मी गप्प झालो. वस्तीतल्या पोराला सरकारी पगाराचं एवढंच दार दिसतं, हेही त्याच दुखण्यातलं. मग म्हणालो, रात्रीचा दवाखाना, बायांसाठी आसरा उघडला तर तिथंही पगारी माणसं लागतीलच की. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात 1984 साली टाटा समाज विज्ञान संस्थेनं मार खाल्लेल्या बायांसाठी समाजसेविका बसवल्या. म्हणजे होऊ शकतं. त्याला अजून पटलेलं नाही. पहाटे पळतोच आहे.

पालिकेवर मोर्चा नेऊन भागणार नाही. पोलिसांचा पैसा राज्याच्या गृहखात्यातून येतो. मंत्रालयावर जावं लागेल. मागणी एकच : जितकी ठाणी, तितकी वस्तीत रात्रीची दारं.

मावशी त्या रात्री आमच्याकडंच झोपली. दहा बाय दहाची खोली, आम्ही सहा जण, ती सातवी. सकाळी उठून नवऱ्याकडं परत गेली. दुसरं दार नव्हतं.

जयभीम.