घर बदललं आणि रेंज गेली



या वेळी दहावीच्या 'प्रकाशाचे अपवर्तन' या पाठावर लिहायचं कबूल केलं होतं. लिहिणार त्यावरच आहे, पण थोडं लांबून येते. मधे आमच्या घराच्या इंटरनेटची रडकथा लागेल, ती गोड मानून घ्या.

३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, आम्ही साताऱ्यात पेठेतली भाड्याची जागा सोडून स्वतःच्या घरात आलो. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरचं पहिलं स्वतःचं घर. अजिंक्यताऱ्याच्या मागच्या अंगाला, नव्या वस्तीत. देव मांडले, दूध उतू घातलं, सासूबाईंना फोन लावायला मोबाईल हातात घेतला तर रेंजच नाही. किल्ल्यावर एवढा दूरदर्शनचा टॉवर उभा, आणि त्याच डोंगराच्या सावलीत माझ्या फोनला एक दांडीसुद्धा मिळेना. घर बघायला आलो तेव्हा पाणी बघितलं, सातबारा बघितला, उतार कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. फोन काढून रेंज बघायचं काही कुणाला सुचलं नाही.

पण मी निर्धास्त होते, कारण जुन्या घरातलं ब्रॉडबँड नव्या घरी हलवण्याचा अर्ज मी १२ एप्रिललाच केला होता. ॲपवर नवा पत्ता टाकला, हिरवी खूण आली, 'आपल्या ठिकाणी सेवा उपलब्ध आहे' असं उत्तर आलं. शिफ्टिंगचे पैसेही कापून घेतले. कंपनीचं नाव घेत नाही. तुमच्याकडे कुठलीही असो, अनुभव असाच असणार.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. फोन केला की आधी गाणं, मग हिंदी किंवा इंग्रजीचा पर्याय, मग 'आपकी शिकायत दर्ज कर ली गई है'. दुसऱ्या दिवशी संदेश येई, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. समाधानी असल्यास ५ दाबा.' घरात वायरचा एक तुकडा आलेला नाही आणि तक्रार सुटली! असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मला संतापापेक्षा हसू आलं, कारण हा प्रकार ओळखीचा वाटला. आपणही उपक्रम झाला की नाही यापेक्षा त्याचा फोटो अपलोड झाला की नाही हे आधी बघतो. तिकडच्या मुलीलाही तिच्या वरच्या कुणीतरी सांगितलं असणार की संध्याकाळपर्यंत पेंडिंग शून्य दिसलं पाहिजे.

पाचव्या फोनला उत्तर बदललं. 'मॅडम, तुमचं लोकेशन फिजिबल नाही.' मी म्हटलं, अहो, एप्रिलमध्ये फिजिबल होतं ना! 'सिस्टीममध्ये नाही दाखवत, मॅडम.' पैसे परत कधी मिळतील? 'त्यासाठी वेगळी तक्रार करावी लागेल.'

इकडे वस्तीतल्या केबलवाल्याला विचारलं. तो तयार झाला, पण वायर आणायची म्हणजे शेजारच्या तात्यांच्या आंब्यावरून. तात्या म्हणाले, "ताई, तुमचं नेट येऊ द्या की, माझी ना न्हाई. पण ऐन आंब्याच्या दिवसांत झाडावर कुणी चढायचं न्हाई. आंबा उतरला की बघू." आता यावर काय बोलणार? तात्यांचंही बरोबरच होतं. बांधकामाच्या वेळी वायरमनने विचारलं होतं, "मॅडम, गेटपासून हॉलपर्यंत एक जादाचा पाईप टाकून ठेवू का?" तेव्हा शंभर खर्च समोर होते, मी नको म्हटलं. घर बांधणाऱ्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवा. पाईप टाकून ठेवा. आत्ता लागो न लागो.

हे सगळं गमतीने सांगते आहे, पण त्या महिन्यात गंमत नव्हती. आमची लेक यंदाच दहावी झाली. २०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाईन झाले, हे तुम्ही सगळ्यांनी भोगलेलंच आहे. पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं, तारखा पुढे गेल्या. शहरातल्या मुलांना पोर्टलची वाट बघायची होती. आम्हाला पोर्टलचीही आणि रेंजचीही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं की फोन जिवंत व्हायचा, टाकीला पाठ लावून, तोंड साताऱ्याच्या दिशेला. यंदा पाऊसही मे महिन्यातच कोसळायला लागला. मी छत्री धरून उभी, लेक एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने ओढणीने स्क्रीन पुसते आहे, आणि ओटीपी येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. दहा कॉलेजांचे पसंतीक्रम आम्ही तीन दिवसांत मिळून सहा भरले. मुदत संपायच्या आदल्या रात्री फॉर्म लॉक झाला की नाही हेच कळेना. ती रडायला लागली. "आई, आपण तिथंच राहिलो असतो ना पेठेत." स्वतःच्या घराबद्दल मुलीच्या तोंडून हे ऐकणं मला फार लागलं. रात्री साडेनऊला पावसात स्कूटीवरून माझ्या सहकारी मॅडमच्या घरी गेलो. तिथे सात मिनिटांत सगळं झालं. सात मिनिटांत!

त्याच दिवसांत आमच्या विषयशिक्षकांची एक ऑनलाईन सभा होती. मी गच्चीवरून जोडली गेले, तीनदा बाहेर फेकली गेले. चौथ्यांदा आत आले तेव्हा सभा संपत आली होती. रात्री ग्रुपवर सूचना पडली, 'यापुढे नेटवर्कची सबब चालणार नाही.' नाव नव्हतं, पण कुणासाठी होती ते सगळ्यांना कळलं.

हे वाक्य आपण आधी कुठंतरी वाचलंय, असं वाटत राहिलं. कुठं ते आठवेना. ते पुढे सांगते.

आधी नेट कसं आलं ते सांगून टाकते, कारण तुम्हाला उपयोगी पडेल. आमच्या ह्यांच्या एका मित्राने मार्ग दाखवला. ट्रायच्या २०१२ सालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला कंपनीने डॉकेट नंबर द्यायला हवा. त्या तक्रारीच्या निकालाने समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. चारही 'सोडवलेल्या' तक्रारींचे नंबर, तारखा, संदेशांचे स्क्रीनशॉट असं सगळं मी सहकारी मॅडमच्या घरून पाठवलं. मुद्देसूद, एका पानात. तिसऱ्या दिवशी स्थानिक ऑफिसचा फोन, आणि १२ जूनला दारात मोटारसायकल.

आलेला मुलगा बावीस-तेवीसचा असेल. पाठीवर सॅक, हातात पिवळ्या वायरचं रिंगण. तात्यांचा आंबा तोवर उतरला होता, त्यांनी स्वतः शिडी काढून दिली. मुलगा खांबावरच्या बॉक्सपाशी बराच वेळ खुडबुड करून आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं लोकेशन कधीच फिजिबल होतं. बॉक्समध्ये आठ पोर्ट आहेत, आठही भरलेले. पण त्यातली दोन घरं कधीच कनेक्शन बंद करून गेलीत. वायरी तशाच. कुणी काढल्याच नाहीत." एप्रिलमध्ये कदाचित पोर्ट मोकळा असेल, मेमध्ये भरला असेल, कोण जाणे. त्याने मेलेली वायर काढली आणि आमची बसवली. सहा आठवड्यांचं दुखणं एवढंच होतं. खांबावर चढून बघायला कुणी आलं नव्हतं.

आता आपला पाठ. गेली कित्येक वर्षं मी पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवते. फळ्यावर आकृती, क्रांतिक कोन, मृगजळ, हिऱ्याचं चमकणं, आणि शेवटी 'उपयोग : प्रकाशीय तंतू' अशी एक ओळ. तो तंतू मी हातात घेऊन कधीच बघितला नव्हता! त्या मुलाने ओट्यावर छोटं यंत्र मांडलं. वायरचं पिवळं आवरण सोललं, मग आतलं, मग त्याहून आतलं, आणि केसासारखी काच उरली. प्रकाश जातो तो गाभा त्या काचेच्याही आत, साधारण नऊ मायक्रॉनचा. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. दोन टोकं यंत्रात ठेवली, ती पडद्यावर खांबांसारखी मोठी दिसली, आपोआप समोरासमोर आली, एक ठिणगी उडाली आणि काच काचेला जुळली. सांधा दिसेना.

मग त्याने लाल प्रकाशाचं पेन जोडून बघितलं. वायर सरळ होती तिथं काही दिसत नव्हतं. दाराच्या चौकटीपाशी मात्र लालभडक ठिपका. "इथं जास्त वाकलीय, मॅडम. इथं पॉवर गळतीय." मी बघतच राहिले. वाकवल्यावर आपाती कोन क्रांतिक कोनापेक्षा कमी झाला आणि प्रकाश गाभ्यातून बाहेर पडला! फळ्यावर जी आकृती मी शेकडो वेळा काढली, ती माझ्या चौकटीवर लाल होऊन बसली होती. मी त्याला उत्साहाने समजावून सांगायला लागले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्हाला पण होतं हे दहावीला. परीक्षेत दोन मार्काला यायचं. पण ही तीच वस्तू आहे ते मला कामाला लागल्यावर वर्षभराने कळलं."

तो सहज बोलून गेला. मी चहा ठेवायला आत गेले.

जाताना मी त्याच्याकडून फायबरचा दोन मीटरचा टाकाऊ तुकडा मागून घेतला. शाळा १६ जूनला उघडली, पाठ यायला वेळ आहे, पण तुकडा मी पहिल्याच आठवड्यात वर्गात नेला. तुम्हीही कुठल्याही फायबरवाल्याकडे मागा, ते देतात. दोन गोष्टी मात्र पाळा. काच सोललेलं टोक मुलांच्या हातात देऊ नका, कुसळ बोटात गेली तर दिसतही नाही. तो मुलगा स्वतः प्रत्येक तुकडा मोजून बाटलीत भरत होता. आणि चालू जोडणीच्या टोकात डोळा लावून कुणालाही बघू देऊ नका. इंटरनेट ज्या प्रकाशावर चालतं तो अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे तो नाही असं नव्हे. सावरलेला, आवरणासकटचा तुकडा घ्या, एका टोकाला मोबाईलचा टॉर्च धरा आणि दुसरं टोक वर्ग अंधारा करून भिंतीकडे धरायला सांगा. बारीक ठिपका दिसतो, तेवढ्यावर मुलं वेडी होतात.

तर त्या वाक्याचं. १२ जूनच्या रात्री नेट चालू झालं, हिरवा दिवा लागला, लेक हॉलमध्ये गाणी लावून नाचत होती, आणि माझ्या फोनवर सहा आठवड्यांचे अडकलेले संदेश धडाधड यायला लागले. ते खाली-वर करताना जुने ग्रुप दिसले. 'दहावी ब २०२०-२१' हाही. उघडला. ऑगस्ट २०२० मधला माझाच संदेश : 'रोज रोज रेंज नाही हे कारण ऐकून घेतलं जाणार नाही. इच्छा असेल तर मार्ग सापडतो.' त्याखाली एकाच मुलाचं उत्तर, 'सॉरी मॅडम', आणि जोडलेले हात.

परळी खोऱ्यातला मुलगा. गुरं घेऊन पठारावर गेलं की रेंज येते, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. मला ती बतावणी वाटली होती. गृहपाठाचे फोटो रात्री अकराला, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे, तेही अंधुक. मी उशिराचे धरत नसे.

एरवी हे विसरूनही गेले असते. पण २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. आठवत असेल तुम्हाला, नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभराच्या मूल्यमापनाला ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांना २०. त्या वीसमधले गुण आम्ही शिक्षकांनी दिले. कशाच्या आधारावर? माझ्या वहीच्या. आणि माझ्या वहीत त्याच्या नावापुढे एका ओळीत 'अप्राप्त, अप्राप्त, गैरहजर, अप्राप्त'. मी त्याला वीसपैकी अकरा दिले होते. नियमाने बरोबर होते. कुणी तक्रार केली नाही. त्याच्या घरून कोण करणार होतं आणि कुठला डॉकेट नंबर मिळणार होता त्यांना!

यंदा पालकसभेत मी पहिल्यांदाच विचारलं, घरात रेंज कुणाकडे येते, कुणाला बाहेर जावं लागतं आणि किती लांब. बावन्नपैकी चौदा हात वर झाले. एक आजी म्हणाल्या, "पोरगी टाकीवर चढून बसती, बाई, मला भ्या वाटतं." ग्रुपवरचा गृहपाठ आता मी दुसऱ्या दिवशी वहीत बघते. काम वाढलं आहे, खोटं कशाला सांगू.

त्या मुलाच्या जुन्या नंबरवर मी दोन ओळी पाठवल्या होत्या. एकच टिक आली, ती अजून एकच आहे. त्याच्या वर्गातल्या एकाकडून कळलं की तो बारावी करून चाकणला कंपनीत लागला आहे. नवा नंबर मिळाला आहे. घरात आता रेंज नसली तरी वायफायवरून फोन लागतो. अजून लावलेला नाही.