चित्र तर लख्ख येतंय ना!

ड्रोनच्या दुरुस्तीच्या एस्टिमेटवर सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लिहिलं होतं: 'कॅमेरा फॉल्टी'. हे दोन शब्द अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

लग्नसराईतली गोष्ट. हळदीचं शूट, वाऱ्याचा झोत, ड्रोन नारळाच्या झावळीला घासून खाली आला. पाती बदलल्यावर उडायलाही लागला. फक्त कॅमेरा मान टाकून लोंबत होता आणि मोबाइलवर 'गिंबल मोटर ओव्हरलोड' झळकत होतं.

गिंबल म्हणजे कॅमेरा तोलून धरणारी यंत्रणा; तिच्यात तीन चिमुकल्या मोटरी असतात. एक कॅमेरा वरखाली करते, एक डावीउजवीकडे वळवते, एक क्षितिज सरळ राखते. ड्रोन बंद ठेवून कॅमेरा बोटाने हळूच तिन्ही बाजूंना फिरवला. कुठे अडकत नव्हता, खरखरत नव्हता. रबरी डॅम्पर जागेवर. चालू केल्यावर मात्र मोटरींची काहीच हालचाल नाही. आणि स्क्रीनवर चित्र लख्ख!

माझ्या मॉडेलमध्ये चित्राचा सिग्नल बारीक तारांच्या जुडग्यातून येतो आणि मोटरींचा वेगळ्या चपट्या रिबन केबलमधून. चित्र येतंय, मोटरी गप्प आहेत, तर आधी रिबनच बघायची. टॉर्च मारली, तर ती दुमडते तिथेच चिरलेली.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाला हे सगळं सांगितलं, फोटो दाखवले. तो म्हणाला, "सर, असेंब्लीच बदलावी लागेल." कॅमेऱ्यासकट. मग मला रिबन तेवढी विकत द्या. "सुटी येत नाही सर." आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. त्याच्याच टेबलावर ड्रोन चालू केला. त्याचा चेहरा, मागचं कॅलेंडर, कॅलेंडरवरच्या तारखासुद्धा माझ्या मोबाइलवर स्वच्छ दिसत होत्या. म्हटलं, फॉल्टी कॅमेऱ्यात तारखा वाचता येतात का? निदान तेवढे दोन शब्द खोडा. तर म्हणे, सिस्टिममध्ये ठरलेली कारणंच निवडता येतात, रिबनचा पर्यायच नाही. दुरुस्ती नको असेल तर तपासणी शुल्क भरा. तपासणी कुणी केली होती? मीच ना! तरी पावती माझ्याच नावाने फाटली.

नवा घ्यावा, तर परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी. सुटे भाग आणायला मात्र मोकळीक. म्हणजे सरकार रिबन येऊ देतं, काउंटर देत नाही. केंद्राने त्याच वर्षी 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली होती. त्या समितीला या काउंटरवर तासभर बसवायला हवं होतं.

शेवटी रिबन ऑनलाइन मागवली आणि आमच्या पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी ड्रोन पहिल्यांदाच उघडला असेल, पण मायक्रोस्कोपखाली हात हलला नाही. प्रत्येक स्क्रू काढला की कागदावर त्याच्या जागेचं चित्र काढून त्यावर ठेवायचा. कनेक्टर ओढायचा नाही, प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलायचा. कुणी घरी करणार असेल तर एवढं पाळावं. कॅमेरा दोन झटके देऊन ताठ उभा राहिला.

पण क्षितिज किंचित कललेलं. सपाट फरशीवर ठेवून अ‍ॅपमधून कॅलिब्रेशन केलं, रोल, म्हणजे क्षितिजाचा कल, हाताने सरकवून पाहिला. समुद्र सरळ आला की वळताना पुन्हा कलतो. मोटरीतल्या सेन्सरची खोलवरची जुळणी करणारं सॉफ्टवेअर सर्व्हिस सेंटरवाल्यांकडेच असतं. असेंब्ली बदलून ते ती जुळणीही करून देतात. तेव्हा तो मुलगा अगदीच चुकीचं बोलत नव्हता, असं हल्ली वाटतं. मग वाटतं, ते सॉफ्टवेअर तरी दडवून कशाला ठेवायचं?

धंद्यातलं कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो, सर्व्हिस सेंटरला द्या, पैसे जातील पण ऑर्डर अडणार नाही. स्वतःसाठी मात्र आणखी एक रिबन मागवून ठेवली आहे.