मी ऐकू शकतो, म्हणे

सबटायटल्सचं काम करता करता बरीच वर्षं झाली, तरी नव्या मुलांचा मसुदा तपासताना माझं लाल पेन पहिल्यांदा याच वाक्यावर अडतं : 'मी आगगाडी ऐकू शकतो.' मूळ संवाद अगदी साधा असतो, 'आय कॅन हिअर अ ट्रेन'. त्या 'कॅन'मध्ये शक्तीबिक्ती काही नाही. इंग्रजीत या अर्थी 'आय अ‍ॅम हिअरिंग' सहसा म्हणत नाहीत, म्हणून चालू क्षणाला 'कॅन'चा टेकू दिलेला. आपण मात्र कान तपासून आल्यासारखे 'ऐकू शकतो' लिहितो. मराठीत गाडी ऐकू येते. येणारा आवाज असतो, माणूस आपला जागच्या जागी. म्हणून 'मी' नव्हे, 'मला'.

हिअर आणि लिसन अशी दोन क्रियापदं इंग्रजीजवळ आहेत. आपण एकट्या ऐकण्यावर भागवतो, फक्त 'येणं' जोडायचं की नाही एवढं बघायचं. फोनवर 'ऐकू येतंय का?' ही रेंजची चौकशी. 'ऐकतोयस ना?' म्हटलं की भांडणाला तोंड फुटलं.

काही ठिकाणी तर ऐकणं पार गाळावं लागतं. 'आय हिअर शी गॉट मॅरिड' याला 'तिचं लग्न झालं म्हणे' पुरतं. 'हॅव यू हर्ड फ्रॉम हिम?' म्हणजे 'त्याचा काही निरोप?' आणि 'आय वोन्ट हिअर ऑफ इट'ला 'नावच काढू नकोस'. इथे कान शोधत बसणारा भाषांतरकार फसतो.

मीही फसलोय. नवरा-बायकोची खडाजंगी चाललेली, तो वैतागून म्हणतो, 'आय हिअर यू.' मी लिहिलं, 'ऐकलं तुझं.' झालं! मराठीत त्यानं माघार घेतली आणि ती पुढची पाच मिनिटं उगाच ओरडत राहिली. आपल्याकडे ऐकणं म्हणजे मानणंही. 'मुलगा ऐकत नाही' म्हणून कुणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. जुन्या इंग्रजीत 'हिअर'च्या पूर्वजालाही हा अर्थ होता. 'ओबे' तर लॅटिनमधल्या ऐकण्याच्याच धातूवरून आलेला. आजच्या 'हिअर'मधून मात्र तो गेला, आणि मी परत घुसवला.

दुरुस्तीला दोनच शब्दांची जागा होती. 'समजलं' फार कोरडं, 'पोचलं' उर्मट. शेवटी 'कळतंय गं' केलं. तो 'गं' मूळ संवादात नव्हता. तपासणाऱ्यानं खूण केली, तरी मी ठेवला.