लंडनची कॉफी आणि गावची कपबशी

२०२४ च्या जून महिन्यात मी आणि सौ. तीन आठवडे लंडनला लेकीकडे राहून आलो. तेव्हापासून नांदेडात जो भेटेल तो विचारतो, "भाऊ, काय काय पाहिलं?" मी घड्याळाचा मनोरा सांगतो, थेम्स नदी सांगतो, रात्री नऊ वाजले तरी न मावळणारा सूर्य सांगतो. ऐकणारा खूश होतो. पण त्या तीन आठवड्यांतला एक रविवार मी अजून कुणाला नीट सांगितलेला नाही. तो आज आपल्या वाचक बंधुभगिनींना सांगतो.

आमची लेक नांदेडच्या विद्यापीठातून पदवी घेऊन राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला गेली. ही शिष्यवृत्ती आपल्या राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी ती आहे. फी, राहण्याचा खर्च, विमानाचे भाडे सगळे त्यातून मिळते. १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत एवढीच त्यांची पुंजी होती. त्याच महाराजांच्या नावाने शंभर वर्षांनी आमची पोरगी गेली. शिक्षण संपल्यावर तिला तिथे दोन वर्षे काम करण्याची मुदत मिळाली. पहिल्या पगारांतून तिने आमची तिकिटे काढली. आम्ही रात्रीच्या गाडीने नांदेडहून हैदराबादला गेलो आणि तिथून विमानाने थेट लंडनला उतरलो.

पहिल्याच आठवड्यात लेक म्हणाली, "पप्पा, रविवारी आपण तिघं फिरायला जाऊ. दिवसभर. भाषण नाही, मीटिंग नाही. नुसतं फिरायचं, खायचं, कॉफी प्यायची."

मी म्हणालो, "नुसतं फिरायला?"

ती हसत म्हणाली, "हो. नांदेडला तुम्ही आम्हाला कधी नेलंच नाही. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर आणि दाभडची धम्म परिषद. आमची सहल म्हणजे तेवढीच."

ती हसत बोलली, पण मला ते लागले. खोटे नव्हते ते. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी कुणाचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचे पोलीस ठाणे. रविवारी वस्तीत बैठक. ज्या जिल्ह्यात १९७८ साली नामांतराच्या दंगलीत टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा जीव गेला, जिथे १९९३ साली गौतम वाघमारे यांनी त्याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतले, तिथे चळवळीच्या माणसाने बायकोमुलांना घेऊन हॉटेलात बसावे, ही मला चैन वाटायची. निदान मी स्वतःला तसे सांगायचो. खरे कारण वेगळे होते. ते त्या रविवारी बाहेर आले.

सकाळी सौ.ने लेकीच्या छोट्या स्वयंपाकघरात धपाटे केले. ज्वारीचे पीठ वेंबली भागातल्या गुजराती दुकानातून आणले होते. शेंगदाण्याची चटणी नांदेडहूनच डब्यात नेली होती. धपाटे फडक्यात बांधले आणि आम्ही जमिनीखालच्या रेल्वेने चॉक फार्म स्टेशनला उतरलो. तिथून पाच-सात मिनिटे चालले की किंग हेन्रीज रोड लागतो. विटांची उंच घरे, रांगेने सारखी. दहा नंबरचे घर आपले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते. बाहेर भिंतीवर निळी गोल पाटी आहे, तिच्यावर त्यांचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते स्मारक म्हणून उघडले. वस्तीत स्मारक नको म्हणून पुढे परवानगीचा वाद झाला आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारने स्मारकाच्या बाजूने निकाल दिला.

सौ.ने दारातच पायातल्या चपला काढल्या. लेक म्हणाली, "मम्मी, रस्त्यावरच?" सौ.ने ऐकले नाही. आम्ही तिघांनी हात जोडून त्रिसरण म्हटले. रस्त्याने जाणारी एक म्हातारी इंग्रज बाई थांबली, आमच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे गेली.

घराच्या जवळच प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. वर गवतावर बसले की सारे लंडन पायाखाली दिसते. आमच्यासारखीच कितीतरी कुटुंबे चादरी पसरून बसली होती. आम्ही धपाटे सोडले. कुणी काय खाता विचारले नाही, कुणी लांब सरकले नाही. सौ. मात्र चटणीला बोट लावून तशीच बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही. रमाईला एकदा तरी इथं आणायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "ती बिचारी परळच्या चाळीत. आपण बघा कसं तिघं मिळून बसलोव."

यावर मी काय बोलणार? बाबासाहेबांची चरित्रे आपण वाचली आहेत. सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा, माशाचा तुकडा आणि चहा. दुपारचे जेवण नाही. दिवसभर ग्रंथालय. रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्याने दिलेले पापड गरम करायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. गाडीभाडे वाचवायला पायी चालायचे. सोबत राहणारा मित्र झोपायला सांगायचा, तर झोपेला आणि खाण्याला माझ्याकडे वेळ नाही आणि पैसाही नाही, अशा अर्थाचे ते उत्तर द्यायचे. या सुंदर टेकडीच्या जवळ राहून ते किती वेळा तिच्यावर येऊन बसले असतील?

दुपारी आम्ही ब्रिटिश म्युझियमला गेलो. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, हे मला फार आवडले. आत अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. ही आपली विदर्भातली अमरावती नव्हे, आंध्रातली, कृष्णेच्या काठची. पांढऱ्या दगडात बोधिवृक्ष, धम्मचक्र, वंदन करणारे उपासक-उपासिका कोरलेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाया हात जोडून बसल्या आहेत तशाच आमच्या वस्तीतल्या बाया विहारात बसतात. सौ. बराच वेळ तिथून हलेना.

म्युझियमच्या मधोमध काचेच्या छताखाली मोठा चौक आहे. चौकाच्या मधोमध पांढरी गोल इमारत. तेच ते वाचनालय. १८५७ साली उघडलेले. कार्ल मार्क्स इथेच बसून वाचायचे आणि पुढे आपले बाबासाहेबही. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी., आणि रुपयाच्या प्रश्नावरचा तो गाजलेला ग्रंथ, या सगळ्याचा बराच अभ्यास याच भिंतींच्या आत झाला. १९९७ नंतर तिथली पुस्तके दुसऱ्या इमारतीत गेली. भिंत मात्र तीच. आणि त्या भिंतीच्या बाहेर, त्याच चौकात, कॉफीचे दुकान आहे. टेबले मांडलेली आहेत.

लेक तीन कप कॉफी आणि केकचे दोन तुकडे घेऊन आली. मी आधी पावती पाहिली. बी.कॉम.ची सवय. एका कपाला साडेतीन पौंडांच्या वर, म्हणजे पावणेचारशे रुपये! मी म्हणालो, "अगं, एवढ्यात नांदेडला चौघांचं जेवण होतं."

"पप्पा, रुपयात मोजलं की घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली.

मी त्या गोल भिंतीकडे बोट दाखवले. "आत बसून बाबासाहेबांनी रुपयाचाच हिशेब केला. आणि तू म्हणतेस मोजू नका!" आम्ही तिघेही मोठ्याने हसलो. शेजारच्या टेबलावरचे लोकही आमच्याकडे बघून हसले.

कॉफी कडू होती. पण हळूहळू गोडी लागली. गप्पा झाल्या. लेकीने तिथल्या गोष्टी सांगितल्या. सगळे सोन्याचे नाही, म्हणाली. खोली शोधताना आपल्याच देशातल्या एकाने तिचे आडनाव दोनदा विचारले आणि मग खोली दुसऱ्याला दिल्याचे कळवले. तिथल्या समता कायद्यात जातीचा समावेश करावा असे २०१३ साली त्यांच्या संसदेने ठरवले होते. २०१८ साली सरकारने ते करणार नाही म्हणून जाहीर केले. जात विमानात बसून तिथेही गेली आहे.

कॉफी संपली. मी माझा कप उचलला, उठलो आणि इकडेतिकडे पाहू लागलो.

"काय शोधताव पप्पा?"

"नळ कुठं आहे?"

"कशाला?"

"कप धुवायला."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. "पप्पा, इथं कप आपण धुवायचा नसतो. ट्रे तिकडं नेऊन ठेवला की झालं."

मी खाली बसलो. माझे कान गरम झाले होते. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, सरकारी नोकर, सभांतून बोलणारा. आणि हात आपोआप कप धुवायला निघाले होते. मग मी तिला ते सांगितले, जे तिच्या जन्मापासून सांगितले नव्हते.

मी सहा-सात वर्षांचा असताना दादा, म्हणजे माझे वडील, बाजाराच्या दिवशी मला गावातल्या हॉटेलात न्यायचे. हॉटेलात म्हणजे हॉटेलासमोर. आत बाकडी होती, ती आपल्यासाठी नव्हती. बाहेर छपराच्या वाशात दोन कपबश्या खोचलेल्या असायच्या. एकीचा कान तुटलेला. दादा ती काढायचे, धुवायचे, पुढे धरायचे. वरून चहा ओतला जायचा. उकिडवे बसून आम्ही एकाच बशीत प्यायचो. मग दादा कप पुन्हा धुवायचे आणि वाशात खोचून ठेवायचे. एकदा मी कप न धुताच ठेवला. हॉटेलवाला ओरडला. दादांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि कप स्वतः धुतला. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तो मार मला लागला नाही, ते गप्प राहणे लागले.

पुढे नांदेडला शिकायला आलो, नोकरी लागली. शहरात कुणी अडवणारे नव्हते. पण हॉटेलात बसलो की पोटात गोळा यायचा. म्हणून बायकोमुलांना कधी नेले नाही. पैसे वाचवतो म्हणालो, चळवळ म्हणालो. दोन्ही खरे होते, पण पुरते नव्हते.

लेक काही बोलली नाही. तिने माझ्या हातातला कप घेतला, तिन्ही कप ट्रेमध्ये ठेवले आणि ट्रे नेऊन ठेवला. परत येताना अजून एक कप कॉफी घेऊन आली. "ही बसून, सावकाश प्यायची," म्हणाली. सौ. पदराने डोळे पुसत होती. मी ती कॉफी प्यालो. पावती मागितली नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही भरपूर फिरलो. थेम्सच्या काठाने चाललो, बागेत बसलो, एलएसईमध्ये जाऊन बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापुढे उभे राहिलो. रोज संध्याकाळी कुठेतरी बसून काहीतरी प्यायलो. मनात अपराध वाटला नाही. बाबासाहेब त्या शहरात उपाशी राहिले ते आपण जन्मभर उपाशी राहावे म्हणून नाही. १९२७ साली महाडला त्यांनी ओंजळ पाण्यात घातली, ती नुसत्या पाण्यासाठी नव्हती. माणसाने माणसांत, आपल्या माणसांसोबत, मान वर करून बसावे आणि खावे-प्यावे, हेही त्यात होतेच. हे मी सभेत कित्येकदा बोललो आहे. माझ्या अंगात मात्र ते त्या रविवारी उतरले.

नांदेडला परत आल्यावर पहिल्या रविवारी मी गावी गेलो आणि दादांना घेऊन आलो. त्यांनी सत्तरी कधीच ओलांडली आहे. शहरातल्या एका थंडगार कॉफीच्या दुकानात मऊ खुर्चीवर त्यांना बसवले. धोतर सावरत ते अंग चोरून बसले. पोऱ्याने पांढराशुभ्र कप आणून पुढे ठेवला. दादांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"साखर कमी हाय," म्हणाले.

पोऱ्याला हाक मारून मी साखर मागवली. ती त्याने आणून दिली. दादांनी तीन चमचे टाकले, सावकाश ढवळले आणि सगळी कॉफी संपवली. मग रिकामा कप हातात धरून माझ्याकडे पाहिले. ते काय विचारणार हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "राहू द्या दादा. तिथंच ठेवा."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले.

वाचक बंधुभगिनींनो, लंडनला सगळ्यांना जाता येणार नाही. जायलाच पाहिजे असेही नाही. पण महिन्यातला एक रविवार घरच्यांसाठी ठेवा. गोदावरीच्या घाटावर जा, दाभडला जा, विष्णुपुरीचे धरण पाहा. येताना आईवडिलांना आणि लेकरांना घेऊन एखाद्या हॉटेलात बसा. आणि त्या टेबलावर आपली जुनी कपबशी लेकरांना सांगा. आम्ही लपवली, त्यात आमची चूक झाली.

जयभीम!