दोन बोटांची प्रज्ञा

थेरीगाथेत सोमा नावाची एक भिक्षुणी आहे. ती ध्यानाला बसलेली असताना मार तिथे येतो आणि तिला हिणवतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की ऋषींनाही जे स्थान कष्टाने मिळते ते ‘दोन बोटांची प्रज्ञा’ असलेल्या बाईच्या आवाक्यातले नव्हे. दोन बोटांची का? अट्ठकथेतले स्पष्टीकरण मोठे मासलेवाईक आहे. सात-आठ वर्षांची असल्यापासून मुलगी भात रांधते, तरी तो शिजला की नाही हे तिला कळत नाही. शीत बाहेर काढून दोन बोटांत दाबून पाहावे लागते. टीकाकाराला त्यात स्त्रीच्या बुद्धीचे न्यून दिसले. आपल्याकडे मात्र शितावरून भाताची परीक्षा करणे हे शहाणपणच, आणि संस्कृत शास्त्रकारांनी तर त्याला ‘स्थालीपुलाकन्याय’ असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. तेच शीत पंडिताच्या हाती न्याय होते आणि बाईच्या हाती अल्पबुद्धी.

स्त्रियांच्या लेखनाची परंपरा शिकवताना मी महदंबेच्याही मागे जाऊन थेरीगाथेपासून सुरुवात करते. थेरींच्या नावावरच्या ७३ रचना तिथे आहेत. त्यांत पुत्रशोकाने वेडी झालेली आई आहे, गणिका आहे, राजकुळातली आहे, आणि स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला निरुत्तर करणारी, पाणी वाहणारी दासी पुण्णिकाही आहे. विद्यार्थी (विशेषतः विद्यार्थिनी) खुलतात. मग कुणीतरी हटकून विचारतो: ‘पण मॅडम, आठ गुरुधर्मांचे काय?’

प्रश्न रास्त आहे. चुल्लवग्गातली कथा अशी, की महाप्रजापती गोतमीने प्रव्रज्या मागितली, बुद्धांनी ती नाकारली, आनंदाने मध्यस्थी केली आणि आठ अटींवर स्त्रियांना संघात प्रवेश मिळाला. पहिलीच अट: भिक्षुणीला दीक्षा घेऊन शंभर वर्षे झालेली असली, तरी तिने आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे. वर हेही, की स्त्रिया आल्यामुळे हजार वर्षे टिकणारा सद्धर्म आता पाचशेच वर्षे टिकेल. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये हे आठ नियम मागाहून रचलेले असावेत असे मत मांडले. त्यांचा युक्तिवाद मला आजही पटतो: बुद्धांची रीत दोष घडल्यावर नियम करण्याची; संघात एकही स्त्री आलेली नसताना आठ नियम आधीच तयार कसे? बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, भारतीय स्त्रीच्या अवनतीला बुद्ध जबाबदार आहेत या आरोपाचा समाचार घेतला आणि त्यासाठी पुढे केला जाणारा महापरिनिब्बान सुत्तातला संवाद भिक्षूंनी मागाहून घातलेला ठरवला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये महाप्रजापतीची कथा आहे. तिथे आनंद विचारतो, स्त्रिया निर्वाणाला अपात्र आहेत का, आणि बुद्ध स्पष्टपणे सांगतात की तसे मुळीच नाही, अडचण व्यावहारिक आहे. आठ नियमांचा उल्लेख तिथे होतो, पण ते कोणते हे मोजून सांगितलेले नाही. मला हे मौन बोलके वाटते.

पण प्रक्षेप सिद्ध झाला म्हणून प्रश्न मिटतो का? पोथीतून वगळलेली गोष्ट बैठकव्यवस्थेत शिल्लक राहू शकते. ती पाहायची तर ग्रंथालयातून उठून विहारात जायला हवे.

आमच्या वस्तीतला विहार पूर्वी पत्र्याचा होता. पुनर्वसनाच्या इमारती उठल्यावर त्याला तळमजल्यावर एक हॉल मिळाला. एका बाजूला पाण्याच्या पंपाची खोली, दुसऱ्या बाजूला बालवाडी. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तो आश्विन पौर्णिमेपर्यंत. या तीन महिन्यांत संध्याकाळी तिथे ग्रंथवाचन चालते, आणि वाचायला व ऐकायला बहुतांशी बायकाच असतात. कुणी चार घरची धुणीभांडी आटोपून आलेली, कुणी पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली, कुणाच्या पिशवीत लोकलमध्ये निवडलेली मेथी. सतरंज्या त्या घालतात, मेणबत्त्या त्या लावतात, पौर्णिमेची खीर त्याच करतात. माझी आत्या वीसेक वर्षे तिथली मुख्य वाचक आहे. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षरापाशी किंचित थबकत ती वाचते. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ म्हणताना तिचा सूर चढतो. वाचन थांबवून ती मध्येच विचारते, ‘हे आपल्या घरात कुठं लागू होतं, सांगा बरं.’ मग सासू-सुनेची भांडणे निघतात, दारू निघते, हप्त्याने घेतलेला फ्रिज निघतो, आणि तृष्णेवर असे विवेचन होते, की विद्यापीठातल्या चर्चासत्रात मी ते क्वचितच ऐकले आहे. दोन बोटे शितावर ठेवूनच चाललेली ही परीक्षा असते.

मात्र बुद्धमूर्तीशेजारच्या खुर्च्यांवर कार्यकारिणी बसते, आणि लग्न, नामकरण, जलदान असा विधी आला की ध्वनिक्षेपक बौद्धाचार्यांच्या हाती जातो. स्त्रीने विधी लावू नये असे कोणत्याही ग्रंथात नाही. ज्या भारतीय बौद्ध महासभेची स्थापना बाबासाहेबांनी १९५५ साली केली, तिचे अध्यक्षपद मीराताई आंबेडकरांनी दीर्घकाळ भूषवले. १९७९ साली सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघात (आताचे नाव त्रिरत्न) धम्मचारी आणि धम्मचारिणी यांची दीक्षा एकच आहे. श्रीलंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झालेली भिक्षुणीपरंपराही १९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बोधगयेला झालेल्या उपसंपदांनी पुन्हा सुरू झाली. दारे उघडी आहेत. आमच्या गल्लीतले तेवढे सवयीने लोटलेले असते.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलीचे लग्न ठरले. तिने हट्ट धरला की विधी आजीने, म्हणजे माझ्या आत्याने लावावा. कार्यकारिणीची बैठक झाली. विरोध असा कुणी केला नाही. ‘प्रथा नाही’ एवढेच म्हटले गेले. आपल्या बौद्ध लग्नांत वधूवरांना पाच-पाच प्रतिज्ञा देतात, त्या सिगालोवाद सुत्तातून आलेल्या. तडजोड अशी निघाली, की शरणशील बौद्धाचार्य देतील आणि वधूच्या पाच प्रतिज्ञा आत्या सांगेल. आत्या म्हणाली, ‘मुलीच्या पाच तिला पाठ आहेत. मला मुलाच्या पाच सांगायच्यात.’ ते काही मान्य झाले नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये उकाडा होता आणि जेवणाची पंगत खोळंबलेली. आत्याने वधूच्या पाच प्रतिज्ञा सावकाश सांगितल्या व ध्वनिक्षेपक परत दिला. बौद्धाचार्यांनी वराच्या प्रतिज्ञा भराभर उरकल्या: पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, वस्त्रालंकार देईन. ‘चौथी राहिली,’ आत्या जागेवरूनच म्हणाली. चौथी म्हणजे पत्नीच्या हाती घरातली सत्ता सोपवीन ही. पाली शब्द ‘इस्सरियवोस्सग्ग’, ऐश्वर्य सोडून देणे. हॉलमध्ये थोडे हसू पसरले. बौद्धाचार्य सज्जन गृहस्थ होते, चूक मुद्दाम केलेली नव्हती. त्यांनी आत्याकडे पाहून मान हलवली. तिने बसल्या जागेवरून चौथी सांगितली आणि मुलाने तिच्यामागून म्हटली.

त्यामुळे सगळे बदलले असे नाही. पुढच्या लग्नांतही विधी त्यांनीच लावले. आत्याचा मोतीबिंदू वाढल्यावर वाचन तिच्या शेजारणीच्या मुलीकडे आले. ती मोबाइलवर वाचते आणि जोडाक्षरापाशी अडखळत नाही. कार्यकारिणीत या वेळी दोन बायका आहेत, एक खजिनदार.

विद्यार्थ्यांना मी अलीकडे गुरुधर्मांच्या प्रश्नानंतर कुडा लेण्यांबद्दल सांगते. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ ती आहेत. तिथल्या एका लेखात पदुमणिका नावाच्या प्रव्रजितेने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. ती कुणाची पत्नी होती हे लेख सांगत नाही. तिची आई नागनिका, तीही प्रव्रजिता. दानात पदुमणिकेच्या शिष्याही सहभागी आहेत, आणि त्यांची नावे तिथे कोरलेली आहेत: बोधी आणि असाळ्हमिता.