सोनेरी हातांचा असुर

गायत्री मंत्र ज्या सवित्याला उद्देशून आहे, त्याच सवित्याला ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या पस्तिसाव्या सूक्तात सोनेरी हातांचा असुर म्हटलं आहे. मी हे सूक्त शिकवते तेव्हा वर्गात हमखास चुळबुळ होते. नरकासुराच्या नावानं कारीट फोडत वाढलेल्या मुलांना ही शिवी वाटते. प्रत्यक्षात ती स्तुती आहे. वरुण असुर आहे, मित्र, अग्नी, इंद्र हेही असुर आहेत. ‘असु’ म्हणजे प्राण. तेव्हा असुर म्हणजे प्राणशक्तीनं भरलेला, सामर्थ्यवान, अशी व्युत्पत्ती परंपरेनं दिली आहे. ‘देव’ हा शब्द चकाकणाऱ्या आकाशाशी जोडलेला, लॅटिन ‘देउस’चा सख्खा भाऊ. एकाच दैवताला ही दोन्ही विशेषणं सुखानं लागत.

इराणात मात्र चित्र उलटं दिसतं. तिकडे ‘स’चा ‘ह’ होतो: सोमाचा हओम, सप्तचा हप्त, तसा असुरचा अहुर. अहुर मज्द हे पारशी बांधवांचं परमदैवत आणि ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती. वेन्दिदाद या पारशी धर्मग्रंथात तर इंद्राचीच गणना दएवांत आहे. १८५९ ते १८६६ या काळात पुण्यात संस्कृत शिकवणारे जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी यावरून एक मोठं अनुमान काढलं: भारतीय आणि इराणी आर्यांत धर्मावरून भांडण झालं, ते वेगळे झाले आणि एकाचे देव दुसऱ्याचे राक्षस ठरले.

कल्पना इतकी सुबक आहे की आजही ती भाषणांतून ऐकू येते. मला ती पटत नाही. भांडण आधीच झालं असतं, तर ऋग्वेदात असुर हा शब्द आदरानं आलाच नसता. तिसऱ्या मंडलातलं पंचावन्नावं सूक्त पाहा. त्यात बावीस ऋचा आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी देवांच्या असुरत्वाचा गौरव आहे. देवांचं असुरत्व! दोन शब्दांत वैर असताना असं ध्रुवपद कोण रचेल? शिवाय आपला मित्र तिकडे ‘मिथ्र’ म्हणून पूज्यच राहिला. सरसकट अदलाबदल झालीच नाही.

अर्थ घसरला तो इथेच, आपल्या घरात, आणि हळूहळू. ऋग्वेदाच्या उत्तरकालीन भागात, विशेषतः दहाव्या मंडलात, असुर शत्रू म्हणून ठळक होऊ लागतात. ब्राह्मणग्रंथांत देव आणि असुर दोघेही प्रजापतीचीच लेकरं, पण यज्ञातल्या वाट्यावरून कायमची भांडणारी. तिकडे दएव का बिघडले, हा इराणच्या धर्मेतिहासातला स्वतंत्र प्रश्न आहे. दोन्ही एकाच भांडणाच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

मग ‘सुर’ कुठून आला? ऋग्वेदात देव या अर्थी तो नाही. असुर वाईट ठरल्यावर सुरुवातीचा ‘अ’ लोकांना नकाराचा वाटला आणि तो काढून उरलेला ‘सुर’ देवांना दिला. ‘विधवा’चंही असंच झालं. मूळ शब्द अखंड; त्यातला ‘वि’ उपसर्ग समजून ‘धव’ म्हणजे नवरा असा शब्द काढला आणि त्यावरून ‘सधवा’ही झाली. वाल्मीकि रामायणातल्या समुद्रमंथनात तर सुरेचा, म्हणजे वारुणीचा, स्वीकार केला ते सुर आणि नाकारली ते असुर, असा खुलासा आहे. तोवर ज्या वरुणाच्या नावावरून ती वारुणी झाली, तोच एकेकाळी थोर असुर होता, याचा या खुलाशात मागमूसही उरलेला नाही.