उन्हाची आखणी

ऊन विकत घेता येते, हे मला माझ्या थोरल्या भावामुळे कळले. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तेहतीस वर्षांपूर्वी तो इंग्लंडला गेला, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत हाडांचा डॉक्टर म्हणून राहिला आणि नुकताच निवृत्त झाला. त्याच्या उत्तरेकडच्या गावात डिसेंबरात दुपारी चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. ज्यांना परवडते अशी तिथली मंडळी मग जानेवारी-फेब्रुवारीत आठवडाभर कॅनरी बेटांवर जातात. या प्रकाराला त्यांच्याकडे 'हिवाळी ऊन' असेच म्हणतात आणि ते विमानाचे तिकीट, हॉटेल आणि गोल्फचे तीन-चार डाव यांच्यासह एकगठ्ठा विकायला असते. आपण मराठीत ऊन खातो, तेही फुकट. शाल गुंडाळून ओसरीच्या पायरीवर बसावे, एवढीच त्याची तयारी. हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना त्यामागे एक अक्षांश लपलेला आहे, असे मला कधी वाटले नव्हते.

ऑक्टोबरातल्या एका रात्री दादाचा फोन आला. "जानेवारीत तेनेरीफला जावे म्हणतो. आठ दिवस. तू ये. आणि आखणी तूच कर."

मी गोल्फची काठी आयुष्यात हातात धरलेली नाही, हे त्याला ठाऊक होते. आखणीच्या बाबतीत माझी मजल महाविद्यालयाच्या अभ्यास सहलीपलीकडे गेलेली नाही. ती बहुधा कुणा साहित्यिकाच्या जन्मगावी जाते आणि जेवायला हमखास उशीर होतो. मी तसे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी करायला बसतो रे. पण प्रत्येक ठिकाणी विचारतात, माणसे किती. मी दोन लिहितो. मग बंद करतो."

वहिनींना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

मी हो म्हणालो आणि नकाशा उघडला. कॅनरी बेटे स्पेनची, पण स्पेनपासून दूर, आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर. त्यांचा अक्षांश २८, म्हणजे जवळजवळ आपल्या दिल्लीचा. तरी तिथे दिल्लीची थंडी नाही की दिल्लीचा उन्हाळा नाही, कारण भोवतीचा समुद्र थंड प्रवाहाचा आणि ईशान्येकडून वर्षभर येणारे व्यापारी वारे. ही सगळी बेटे ज्वालामुखींनी समुद्रातून वर काढलेली. तेनेरीफवरचा तेइदे ३,७१५ मीटर उंच, स्पेनमधले सर्वोच्च शिखर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. वारे याच डोंगराला अडतात. म्हणून एकाच बेटाच्या उत्तर उतारावर ढग, पाऊस आणि केळीच्या बागा, तर दक्षिणेला कोरडे ऊन. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून माणदेशात उतरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पायाखालचा दगडही ओळखीचाच. फरक इतकाच, की आमचा दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवाला आणि त्यांचा अजून निवतो आहे. ला पाल्मा बेटावर १९ सप्टेंबर २०२१ रोजी फुटलेला ज्वालामुखी ८५ दिवस वाहत होता आणि तोदोके नावाचे गाव त्याखाली गेले.

गोल्फ तिथे नेला तो इंग्रजांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेकडे जाणारी त्यांची जहाजे लास पाल्मासला कोळसा भरायला थांबत. व्यापारी आले, छातीच्या विकारांचे रोगी हवापालटासाठी आले आणि १८९१ मध्ये त्यांनी तिथे गोल्फचा क्लब काढला. आज तो स्पेनमधला सर्वांत जुना क्लब मानला जातो आणि बंदामा नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखाशेजारी आहे. साधारण त्याच काळात त्या बंदरांत सिंधी व्यापारीही पोचले आणि पेढ्या घालून तिथलेच झाले. बेट म्हणजे एकाकीपण, ही आपली कविकल्पना. ही बेटे तर रहदारीचा चौक होती.

आठवडाभरात मी एक तक्ता केला. मैदाने दक्षिणेचीच हवीत, कारण जानेवारीत उत्तरेला ढगांची खात्री नाही. दादाचा उजवा गुडघा कुरकुरतो, तेव्हा चढ कमी हवेत, नाहीतर मैदानावरची छोटी गाडी आधी सांगून ठेवायला हवी. डाव सुरू करण्याची वेळ सकाळी उशिराची, कारण पहाटे दव असते. काठ्यांच्या पिशवीचे विमानभाडे वेगळे. काही ठिकाणी खेळाडूच्या पातळीचा दाखला मागतात, त्याची प्रत. दक्षिणेच्या एका मैदानावर वाळूचे खड्डे काळ्या ज्वालामुखी वाळूचे आहेत; तिथे पांढरा चेंडू सापडणे सोपे, बाहेर काढणे मात्र तितकेच कठीण, असे दादाने सांगितले. तेनेरीफला विमानतळही दोन. उत्तरेचा जुना, ढगांच्या पट्ट्यातला. तिथेच २७ मार्च १९७७ रोजी धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे गेली. दक्षिणेचा विमानतळ पुढच्या वर्षी सुरू झाला. १९७७ हे माझे जन्मसाल. या एका तपशिलाने ते बेट माझ्यासाठी जाहिरातीतून बाहेर आले.

हे करताना मनात आले, की आपल्या प्रवासवर्णनांत आखणी जवळजवळ नसतेच. लेखक एकदम बोटीवर किंवा विमानतळावर भेटतो. तिकिटे, पैसे, रजा, घरातली नाराजी हे सारे एखाद्या विनोदी परिच्छेदात उरकले जाते. याला मोठा अपवाद, आणि तोही अगदी आरंभीचा, म्हणजे गोडसे भटजी. वरसईहून ते १८५७ मध्ये निघाले ते हिशेब मांडून. घरात कर्ज होते, उत्तरेत बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ होणार होता, तिथे दक्षिणा मिळेल. आखणी चोख होती. वाटेत बंड पेटले आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' आपण वाचतो तो मोडलेल्या आखणीचा वृत्तांत म्हणून. हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. त्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला.

दादाने मला एक जुनी फाइल पाठवली. कागद वहिनींच्या हातचे. फेब्रुवारी २०२० मध्ये दोघे तिकडे निघाले होते. २२ तारखेला सहारातून धुळीचे वादळ आले. 'कालिमा' म्हणतात त्याला. बेटांवरचे विमानतळ बंद झाले आणि त्यांचे विमान रद्द झाले. वहिनींनी न कुरकुरता सगळे एप्रिलवर ढकलले. १४ मार्चला महामारीमुळे स्पेन बंद झाला. मग दोन वर्षे कुणी कुठे गेले नाही आणि त्यानंतर त्यांचे आजारपण सुरू झाले. फाइलमध्ये पहिल्या तारखा खोडून दुसऱ्या, दुसऱ्या खोडून तिसऱ्या घातलेल्या होत्या. तिसऱ्यांच्या पुढे काही नव्हते.

वहिनी गोल्फ खेळत नसत. दादाच्या डावांच्या वेळा एका बाजूला लिहून समोर त्यांनी स्वतःचे दिवस लिहिले होते, आणि त्यांतले बहुतेक लान्झारोते या दुसऱ्याच बेटावरचे होते. तिथे होझे सारामागोचे घर आहे. येशूवरच्या त्याच्या कादंबरीला पोर्तुगाल सरकारने युरोपीय पारितोषिकाच्या यादीतून वगळल्यावर तो १९९३ मध्ये या बेटावर राहायला गेला आणि २०१० मध्ये तिथेच वारला. त्याखाली एक ओळ होती: 'ला गेरिया, खड्ड्यांतली द्राक्षे, अर्धा दिवस तरी.'

मी शोधले. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे लान्झारोतेवर ज्वालामुखी धुमसत होते. याइसा गावच्या पाद्रीने पहिल्या काळाची टिपणे ठेवली: कोणते गाव कधी बुडाले, लाव्हा कोणत्या दिशेने वळला. बेटावरची सुपीक जमीन राखेखाली गेली. पुढे शेतकऱ्यांच्या ध्यानात आले, की ही काळी राख रात्रीचे दव शोषते आणि दिवसा ओल उडू देत नाही. पाऊस जवळपास नसलेल्या त्या भूमीत त्यांनी राखेत खोल खड्डे घेतले, तळच्या मातीत एकेक वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धवर्तुळाकार भिंत घातली. तिथे आजही द्राक्षे होतात.

मी भारावून गेलो. माझा तक्ता मी बाजूला ठेवला आणि वहिनींचा आराखडा जसाच्या तसा उभा करायला लागलो. हस्तलिखिताची संहिता सिद्ध करण्याचे आम्हां मराठीच्या माणसांना वेड असते. खोडलेल्या तारखा, समासातल्या नोंदी, कोणता पाठ अंतिम धरावा. दोन रात्री जागून मी ते काम केले आणि मोठ्या समाधानाने दादाला पाठवले.

त्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाज डॉक्टरचा होता. "हे काय पाठवलेस? ही तिची सहल आहे. ती ज्या जागी उभी राहणार होती, तिथे तू मला उभा करणार? मला खेळायचे आहे. चार तास फक्त चेंडू कुठे पडला एवढाच विचार करायचा आहे. तुला लेख लिहायचा असेल तर लिही."

मी दुखावलो, पण त्याचे म्हणणे खरे होते. मी त्याच्या दुःखाची सुबक आवृत्ती तयार करत होतो. गोल्फकडे मी आजवर श्रीमंतांचा निरर्थक चाळा म्हणून पाहिले. त्याबद्दल माझे काही आक्षेप आजही आहेत. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर पावसाचे पाणी पुरत नाही. मैदाने बहुतेक करून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर किंवा समुद्राच्या गोड्या केलेल्या पाण्यावर हिरवी राहतात. सुमारे बावीस लाख वस्तीच्या बेटांवर वर्षाला दीड कोटीहून अधिक पाहुणे येतात. घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली म्हणून २० एप्रिल २०२४ रोजी हजारो लोक रस्त्यांवर उतरले होते, 'कॅनरीला मर्यादा आहे' असे म्हणत. हे मी दादाला सांगितलेही. तो म्हणाला, "खरे आहे. मग हॉटेल सोड, त्यांच्यापैकी कुणी चालवते असे छोटे विश्रामगृह पाहा. पण खेळ राहू दे."

आमच्या घरी गोल्फची एक जुनी गोष्ट आहे. वडील नाशिकजवळच्या एका छावणीच्या गावी कारकून होते. मी पाळण्यात असताना दादा शाळा सुटल्यावर लष्करी मैदानाच्या ओढ्यात उतरून हरवलेले चेंडू शोधत असे आणि आठ-आठ आण्यांना विकत असे. पुढे साहेबांच्या पिशव्याही वाहू लागला. एकदा वडिलांनी ते पाहिले. ते रागावले नाहीत, दोन दिवस बोलले मात्र नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसऱ्याची पिशवी वाहायची नाही." दादाने मला ही गोष्ट आजवर दोनदा सांगितली आहे: एकदा परदेशी जाताना आणि एकदा पहिल्यांदा क्लबचा सभासद झाला तेव्हा. त्या चार तासांत तो काय विसरतो आणि काय आठवतो, हे ठरवणारा मी कोण?

शेवटी आखणी आम्ही दोघांनी मिळून केली, रविवारी सकाळी, त्याची पहाट धरून. तेनेरीफच्या दक्षिणेला पाच दिवस, तीन डाव. त्यानंतर उत्तरेच्या विमानतळावरून लान्झारोते, तीन दिवस. ते त्यानेच सुचवले, मी नाही. सारामागोचे घर नको म्हणाला. "ते तू एकटा बघ. मी त्या द्राक्षांपाशी बसेन. अर्धा दिवस तरी." वहिनींचे शब्द त्याच्या तोंडी आले, हे त्याच्या लक्षात आले की नाही, कळले नाही.

सत्रपरीक्षांच्या कामातून सवड मिळवून मी रजेचा अर्ज दिला आहे. प्रवासाचे कारण या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिले. मुंबईला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो. तिकिटाचे पैसे मीच भरले. दादाने तेवढे ऐकले.

काल मैदानाच्या आरक्षणाचा कागद आला. खेळाडू एक. त्याखाली, सोबत चालणारे: एक. दादाने विचारले, "तू चार तास करणार काय?"

मी म्हणालो, "पिशवी मी ओढीन."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "हल्ली तिला चाके असतात रे."